कला तोंडी लावण्यापुरती नको

विद्यापीठात कलेच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र काम करावं की नाही, हा वाद अधूनमधून उफाळतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांना जाऊन अडकतो. एका बाजूला उत्साही मंडळी. त्यांच्या बोलण्यात आइन्स्टाइनचं व्हायोलिन असतं, लिओनार्दोच्या वह्या असतात, मेंदूचे डावे-उजवे भाग असतात आणि शेवटी 'सर्जनशीलता' हा शब्द येतो, ज्याला विरोध करायची कुणाची छाती होत नाही. दुसऱ्या बाजूला कडक शिस्तीचे प्राध्यापक. रसायनाच्या मुलानं रसायन शिकावं, चित्रकलेच्या मुलीनं हात बसवावा, बाकीचे चोचले पदवी मिळाल्यावर पुरवावेत, असं त्यांचं मत. इतक्या हातघाईवर आलेल्या या दोन बाजूंचं एका गोष्टीवर मात्र मुकाट एकमत आहे: खरं काम विज्ञानाचं, कला ही तोंडी लावायची गोष्ट. एकाला ती हवीशी वाटते, दुसऱ्याला फालतू. वाद एवढ्यापुरताच.

मला वाटतं, असं काम जरूर व्हावं, पदवीच्या वर्षांतच व्हावं आणि त्याला हक्काचे श्रेयांक असावेत. अट एकच: प्रश्न दोघांचा असला पाहिजे. प्रश्न एकाचा आणि राबणारे हात दुसऱ्याचे अशी वाटणी झाली की त्याला सहकार्य म्हणण्यात अर्थ नाही. ती बिनपगारी चाकरी होते. सध्या सहकार्याच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं याच प्रकारचं आहे, आणि म्हणून तर विरोध करणाऱ्यांचं फावतं.

अशा प्रदर्शनांचा साचा आता ठरून गेला आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमा पेनड्राइव्हवर घालून देते. उद्घाटनाला पंधरवडा उरलेला असतो. चित्रकलेचा विद्यार्थी त्यातल्या चार निवडतो, मोठ्या करून कॅनव्हासवर छापून घेतो, वर ॲक्रिलिकचे दोन हात मारतो आणि खालून निळा दिवा सोडतो. शेजारी फलक लागतो, 'अदृश्य विश्वाचं सौंदर्य'. आता त्या प्रतिमांमधला जांभळा रंग जिवाणूंचा नसतोच. ते दिसावेत म्हणून घातलेल्या रंजकाचा तो रंग. हान्स क्रिस्टियन ग्रामनं १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत, अल्कोहोलनं धुतल्यावर हा जांभळा कुठल्या जिवाणूत टिकतो आणि कुठल्यातून निघून जातो, यावरच त्यांची ढोबळ वर्गवारी होते. हे चित्रकाराला कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यानंही विचारलेलं नसतं. रंग म्हणजे वस्तूचा गुण की बघणाऱ्यानं वस्तूवर केलेली खूण, हा दोघांच्याही धंद्याचा प्रश्न त्या काचपट्टीवर वाळून पडलेला होता आणि दोघंही त्याला ओलांडून गेली. उलट दिशेनंही हेच घडतं. शिल्पकलेच्या विद्यार्थिनीला पानाला हात लावताच आवाज देणारं झाड हवं असतं. इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा रात्री जागून सर्किट जोडून देतो आणि फलकाच्या तळाशी, बारीक अक्षरात 'तांत्रिक साहाय्य' होऊन लटकतो. या दोन प्रदर्शनांना कुणी नाकं मुरडली तर मी त्याला दोष देणार नाही.

पण वाईट उदाहरणावरून तत्त्व निकालात काढायचं का? मग आधी चांगलं म्हणून जे उदाहरण दिलं जातं तेही तपासू या. लिओनार्दोच्या गोष्टीतून एकाच डोक्यात कला आणि विज्ञान सुखानं नांदू शकतात एवढं निघतं. दोन माणसांनी एकत्र काम करावं, हे त्यातून निघत नाही. त्याच्या शरीररचनेच्या चित्रांचंच बघा. मार्कान्तोनियो देल्ला तोरे या तरुण प्राध्यापकाबरोबर तो या विषयावर काम करत होता, असं त्याचा चरित्रकार वसारी सांगतो. १५११ मध्ये देल्ला तोरे प्लेगनं गेला. ती चित्रं छापली गेली नाहीत, वह्यांमध्ये राहिली आणि पुढची शेकडो वर्षं वैद्यकाला त्यांचा उपयोग झाला नाही. शरीरशास्त्र हाललं ते १५४३ मध्ये, आंद्रेयास व्हेसेलियसच्या ग्रंथानं. चिरफाड करणारा अठ्ठावीस वर्षांचा वैद्य, बहुधा टिशियनच्या कार्यशाळेतून आलेले चित्रकार, लाकडी ठोकळे कोरणारे कारागीर आणि बाझलचा छापखाना, अशी ती मोट होती. ती काही गुण्यागोविंदानं बांधली गेली नव्हती. चित्रकारांच्या लहरीपणानं आपण किती पिडलो, आपल्यापेक्षा टेबलावरची प्रेतं बरी, अशा अर्थाचं व्हेसेलियसनं नंतर लिहून ठेवलं आहे. ग्रंथात त्यानं चित्रकारांची नावंही दिली नाहीत. ते नेमके कोण यावर अभ्यासक आजही भांडतात. तरी काम झालं. स्नायूंचे थर एकामागून एक उतरवत नेलेली ती उभी माणसं नुसत्या मजकुरातून उभी राहिली नसती. आणि चित्रकारानं आपल्या नजरेनं खोडा घातला नसता तर व्हेसेलियसचं लिहिणंही तितकं काटेकोर झालं नसतं, असा माझा तर्क आहे. एकट्या प्रतिभावंताची वही पडून राहिली आणि कुरकुरणाऱ्या टोळीचं पुस्तक जगभर गेलं, हा या इतिहासातला सहकार्याच्या बाजूचा खरा पुरावा. तो सोडून लोक मोनालिसाकडे का वळतात कोण जाणे.

'दोघांचा प्रश्न' म्हणजे काय हे दाखवायला मात्र मला व्हेसेलियसपेक्षा मिशेल शेव्रल जवळचा वाटतो. तो मूळचा मेदांवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या शाही कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथं तक्रार अशी होती, की काळ्या लोकरीचा काळा फिका पडतो; निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्या विणल्या की त्यात जोर उरत नाही. तक्रार सरळ रंगाईवाल्यांवर होती आणि शेव्रलनं ती सरळच घेतली. दुसऱ्या नावाजलेल्या कारखान्यांमधली काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. गोबलँचा काळा कुठंही कमी नव्हता. इथं बहुतेकांनी फाइल बंद केली असती. प्रयोगशाळेचा निर्वाळा आहे, रंग पक्का आहे, विणकरांनी आपले डोळे तपासून घ्यावेत. उत्तर बरोबर ठरलं असतं आणि भित्तिपट तसाच मरगळलेला राहिला असता. शेव्रलनं विणकरांचा डोळा खोटा मानला नाही. दोष लोकरीत नाही आणि डोळ्यातही नाही, तर मग कुठं? शेजारच्या रंगात. निळ्याला लागून ठेवलेला काळा निळ्याच्या विरोधी छटेकडे झुकलेला भासतो, म्हणून तो मातकट वाटतो. रंग एकटा दिसतच नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हा नियम त्यानं १८३९ मध्ये सविस्तर ग्रंथात मांडला आणि पुढे जॉर्ज सरासारख्या चित्रकारांनी तो ठिपक्या-ठिपक्यानं कॅनव्हासवर पारखला. यात विज्ञानानं कलेला मदत केली असं म्हणणं अर्धवट आहे. विणकरांनी हट्टानं तक्रार लावून धरली नसती तर रसायनशास्त्रज्ञाला हा प्रश्न सुचण्याचं कारणच नव्हतं. आणि त्यानं मोजमाप केलं नसतं तर विणकर जन्मभर रंगाईवाल्यांच्या नावानं बोटं मोडत बसले असते. दोघांनाही आपापल्या कामाची समजूत बदलावी लागली. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मी हीच कसोटी लावेन. संपताना फक्त एकाचंच काही बदललं असेल तर तो प्रकल्प फसला, प्रदर्शनाला कितीही गर्दी होवो.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. शेव्रल गोबलँला गेला तेव्हा अडतीस वर्षांचा, नाव झालेला शास्त्रज्ञ होता आणि ते विणकर आयुष्यभर मागावर बसलेले. वीस वर्षांच्या मुलांकडे एकमेकांना देण्यासारखं असतं काय? दोन अर्धवट माणसांची बेरीज एक पूर्ण माणूस होत नाही. हा मुद्दा मला मान्य आहे आणि उत्साही मंडळी तो हसण्यावारी नेतात याचं वाईट वाटतं. पहिल्याच वर्षी सगळ्यांना मारूनमुटकून जोड्यांमध्ये बसवणं हा शुद्ध पोरखेळ होईल. आपल्या विषयात एखादी गोष्ट नीट करता येते, इतकी की ती वाईट केलेली बघवत नाही, अशी अवस्था आल्याशिवाय दुसऱ्याशी वाद घालायला पायाच नसतो. पण ही अवस्था यायला पीएचडी लागते असं कुणी सांगितलं? तिसऱ्या वर्षाच्या छापकलेच्या विद्यार्थिनीला ठसा किती दाबावा लागतो हे बोटांना कळलेलं असतं. तिसऱ्या वर्षाच्या भौतिकीच्या मुलाला त्रुटीपट्टी, म्हणजे मोजमाप किती चुकलेलं असू शकतं ते दाखवणारी रेघ, नसलेला आलेख बघून अस्वस्थ व्हायला होतं. एवढं भांडवल पुरतं.

याची दुसरी बाजूही आहे. विषयातली खोली वाढत जाते तशी सवयही घट्ट होत जाते, आणि कुठल्या गोष्टीला प्रश्न म्हणायचं हे एकदा ठरून गेलं की माणूस सहसा हलत नाही. १९५९ मध्ये शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी केंब्रिजच्या व्याख्यानात साहित्यिक आणि वैज्ञानिक यांच्यातल्या दरीवर बोट ठेवलं. १९६२ मध्ये साहित्यसमीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी त्यांच्यावर अशी तोफ डागली की मूळ मुद्दा बाजूला राहून ती लेखकाच्या लायकीवरची चर्चा झाली. स्नो पन्नाशी ओलांडलेले, लीव्हिस साठी ओलांडलेले. दोघंही विद्वान आणि दोघांचीही आता कुणाकडून काही शिकायची इच्छा उरली नव्हती. विद्यार्थ्यांनी यांच्या वयाला पोचेपर्यंत थांबायचं?

विद्यार्थ्यांच्या पातळीवर काय होऊ शकतं याचा अंदाज घ्यायला दायना ताइमिना यांचं काम बघण्यासारखं आहे. त्या कॉर्नेल विद्यापीठात भूमिती शिकवत होत्या. अतिवलयी (हायपरबोलिक) प्रतल नावाचा एक पृष्ठभाग असतो, जिथं एका रेषेला बाहेरच्या एकाच बिंदूतून कितीतरी न छेदणाऱ्या रेषा काढता येतात. समीकरणात हे लिहिता येतं. डोळ्यांपुढे येत नाही. त्याची कागदी पट्ट्यांची प्रतिमानं होती, पण ती हाताळताना फाटत. १९९७ मध्ये ताइमिनांनी ते क्रोशानं विणलं. दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत जायचं, बस्स. ओळी वाढतात तसा पृष्ठभाग सपाट राहायला नकार देतो आणि त्याला झालरी सुटतात. त्यावर घडी घालून, घडीवर रंगीत धाग्यानं शिवण मारली की सरळ रेषा मिळते. एका बिंदूतून अशा तीन-चार शिवणी निघतात आणि पहिल्या रेषेला एकही शिवत नाही, हे विद्यार्थ्याला बोट फिरवून कळतं. हे दोन शाखांचं सहकार्य नव्हतं, गणितज्ञबाईंना विणता येत होतं एवढंच, हे मला ठाऊक आहे. पण तो प्रश्न गणिताच्या वर्गात अडकला होता आणि सुटका हाताच्या कौशल्यात होती. तो वर्ग वस्त्रकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर भरला असता तर? तीन टाक्यांऐवजी पाच टाक्यांमागे एक वाढवला तर झालर कशी पडेल, हा विणणाऱ्याचा रोजचा हिशेब वक्रतेचाही हिशेब आहे, हे दोन्ही बाकांवर एकदमच कळलं असतं.

दुसरा आक्षेप असा, की आपण जिंकलेल्यांचीच यादी वाचतो. फसलेल्या जोड्या कुणाच्या लक्षात राहतात? खरं आहे, म्हणून एक धड न जमलेला प्रयोग मुद्दाम सांगायला हवा. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या लष्कराच्या एका प्रचंड कवायत-सभागृहात नऊ संध्याकाळी दहा कलावंत आणि तिसेक अभियंत्यांनी मिळून कार्यक्रम केले. अभियंते मुख्यतः बेल या टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतले; त्यांना गोळा करणारा बिली क्लूव्हर तिथलाच. रॉबर्ट राउशेनबर्गच्या कार्यक्रमात चक्क टेनिसचा सामना होता. रॅकेटच्या मुठीत छोटा रेडिओ-प्रक्षेपक बसवलेला. चेंडू लागला की घणासारखा आवाज सभागृहभर घुमायचा आणि एक दिवा विझायचा. सगळे दिवे गेल्यावर मिट्ट काळोखात शेकडो लोक मैदानात येऊन उभे राहत, आणि प्रेक्षकांना ते फक्त इन्फ्रारेड कॅमेऱ्यांमुळे पडद्यावर दिसत. माणसं समोर आहेत, श्वासाचा आवाज येतो आहे, पण दिसतात ती यंत्रालाच. ही कल्पना इन्फ्रारेड म्हणजे काय ते ऐकल्यावाचून चित्रकाराला सुचण्यासारखी नव्हती, आणि रॅकेट खेळण्याजोगी हलकी ठेवून मुठीत प्रक्षेपक बसवायची अडचण बेल प्रयोगशाळेनं आपणहून कधी ओढवून घेतली नसती. पण एकूण मामला रखडत चालला. कार्यक्रम उशिरा सुरू होत, उपकरणं ऐन वेळी दगा देत, समीक्षकांनी सालटी काढली. पुढे १९६७ पासून लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयानं कलावंतांना थेट कंपन्यांमध्ये पाठवायचा कार्यक्रम चालवला. त्यातल्या कितीतरी जोड्या मोडल्या, आणि प्रदर्शनासाठी निवडलेल्यांमध्ये एकही स्त्री कलावंत नव्हती म्हणून निदर्शनंही झाली. त्या संग्रहालयानं एक गोष्ट मात्र चांगली केली. १९७१ च्या अहवालात मोडलेल्या जोड्यांची हकिगतही छापली, कुणाचं कुठं बिनसलं त्यासकट. मला तो अहवाल पूर्ण झालेल्या कलाकृतींपेक्षा मोलाचा वाटतो. अपयशाची भीती हे सहकार्य टाळायचं कारण असेल तर प्रयोगशाळाही बंद कराव्या लागतील, कारण तिथं दिवसभर दुसरं काय चालतं?

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो, पण घोडं बहुतेक वेळा तिथंच पेंड खातं. विज्ञानाच्या निष्कर्षाची दुसऱ्यानं पुनरावृत्ती केली पाहिजे. चित्राची दुसऱ्यानं पुनरावृत्ती केली तर ती नक्कल. मग एकाच कामाला एकच मोजपट्टी कशी लावायची? उत्तर सोपं आहे: लावायची नाही. सरासरी काढून दोन्ही मोजपट्ट्या बोथट करण्यापेक्षा दोन्ही धारदार ठेवाव्यात. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-कारागिरीच्या शाळेत सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि एक हस्तकौशल्याचा, आणि विद्यार्थ्याला दोघांचंही समाधान करावं लागे. तिथलं जोडकाम कला आणि कारागिरीचं होतं, विज्ञानाचं नव्हे, आणि ते काही रामराज्यही नव्हतं. चित्रकार गुरू मोठे आणि कारागीर गुरू दुय्यम, ही उतरंड तिथंही होतीच. पण दोन मालकांची चाकरी करून तयार झालेली पिढी वेगळी निघाली. विणकामाची विद्यार्थिनी गुंटा श्टोल्झल रंगाई शिकायला क्रेफेल्डला गेली, परत येऊन तिनं रंगाईची सोय उभी केली आणि पुढे ती विणकाम विभागाची प्रमुख झाली. तिला दुसऱ्या गुरूची गरज उरली नव्हती.

आणखी एक आक्षेप कलेच्या बाजूनं येतो आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. 'सहकार्य' हे कलाविभाग कापण्याचं सभ्य नाव आहे, असं तिथले प्राध्यापक म्हणतात. आधी संयुक्त अभ्यासक्रम, मग संयुक्त विभाग, मग शिल्पकलेची भट्टी बंद, कारण 'तुमची मुलं आता लॅबमध्ये जातातच की'. ही भीती निराधार नाही. निधीचे अर्ज वाचले तर कलेचं काम बहुधा 'विज्ञानाचा प्रसार' या रकान्यात पडलेलं सापडतं. पण या भीतीवर सहकार्य नाकारणं हा उपाय होऊ शकत नाही. नाकारलं तरी भट्टी वाचेल याची हमी कुठं आहे? उलट आपल्या अटी घालून आत शिरावं. स्टुडिओ असेल तरच संयुक्त अभ्यासक्रम, ही पहिली अट. चित्रकाराकडे विषय पोचवण्याचं काम देणार असाल तर त्याला तो विषय चुकीचा वाटल्यास तसं म्हणण्याचा हक्कही द्या, ही दुसरी.

बाकी व्यवस्था फारशी अवघड नाही. दुसरं वर्ष संपल्यावर, ज्यांना हवं त्यांनाच प्रवेश. पहिलं सत्र फक्त एकमेकांच्या जागी बसायचं. कलेच्या विद्यार्थ्यांनी सुरक्षेचे नियम शिकून प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवायच्या, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी स्टुडिओत कोळशानं बाटली काढायची आणि ती बाटलीसारखी का दिसत नाही ते शोधायचं. या सत्रात प्रदर्शन नाही, भित्तिपत्रक नाही, कुलगुरूंची भेट तर मुळीच नाही. सत्राच्या शेवटी प्रत्येक जोडीनं एकच प्रश्न लिहून द्यायचा आणि तो दोन्ही शिक्षकांना आपापल्या विषयाचा वाटला पाहिजे. वाटला नाही तर पुन्हा लिहायचा. दुसऱ्या सत्रात काम, त्याचे दोन स्वतंत्र अहवाल, दोन स्वतंत्र परीक्षक, आणि सगळीकडे दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरात. जोडी जमत नसेल तर मोडायची मुभा. मात्र का मोडली ते लिहिलं पाहिजे आणि त्या लिखाणालाही गुण असले पाहिजेत.

याला नवी इमारत लागत नाही, नवं केंद्र लागत नाही, त्या केंद्राला संचालकही लागत नाही. दोन विभागप्रमुखांनी वेळापत्रकातली एकच दुपार एकाच वेळी मोकळी ठेवावी लागते. बैठकांमध्ये हा विषय पुढे ढकलला जातो तो तत्त्वावरून क्वचितच. बहुतेकदा त्या दुपारी एकीकडे प्रात्यक्षिकं असतात, दुसरीकडे मॉडेल बसलेलं असतं, आणि आपली दुपार सोडायला कुणीच तयार नसतं.